झोनिया ट्रेलर घेऊन निघाली

कॅनडातल्या सस्कॅचेवनमधली शहाणी माणसं ऑक्टोबरमध्येच दक्षिणेला निघतात. कापणी उरकली, घरातले नळ रिकामे केले, शेजाऱ्याकडे किल्ली दिली, की ट्रकमागं ट्रेलर जोडायचा आणि पहिला बर्फ पडायच्या आत अमेरिकेतलं ॲरिझोना गाठायचं. मग मार्च संपेपर्यंत तिथल्या उन्हात खुर्च्या टाकून बसायचं आणि गावाकडं किती थंडी पडलीय याच्या बातम्या एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. आम्ही युक्रेनी वंशाचे लोक मात्र या शहाण्यांत मोडत नाही. आमचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणं सात जानेवारीला येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी गेलेल्या माणसांसाठी एक ताट वाढल्याशिवाय घर सोडायचं नाही, हा आमचा हट्ट. त्यामुळं वर्षातल्या सगळ्यांत वाईट आठवड्यात, काचेसारख्या रस्त्यावरून चाकांवरचं घर ओढत नेण्याचा मान दरवर्षी आमच्याकडे येतो. बाकीचे आम्हाला वेडे म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही.

ओरेस्ट प्रिस्टुपा आणि त्याची बायको झोनिया बावीस वर्षं असेच आठ जानेवारीला सकाळी निघत आले. तो चालवायचा, ती शेजारी बसायची. मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पिशवी घेऊन ती एकेक बी दातानं फोडायची, दोन स्वतः खायची, एक त्याच्या तळहातावर ठेवायची. तोंडाचा पट्टा अखंड चालू. कोणाची सून कशी, चर्चमधल्या जेवणात कोणी कमी लोणी घातलं, दंतवैद्यानं कोणाला कसं फसवलं. ॲरिझोनात पोचल्यावर मैत्रिणी विचारायच्या, प्रवास कसा झाला. झोनिया म्हणायची, मला काय विचारता, मी त्या गाडीतलं सामान आहे. चालवतो तो. मी नुसती बसते.

ट्रक तिला चालवता येत नव्हता असं नाही. कापणीच्या दिवसांत धान्याचा ट्रक शेतातून गोदामापर्यंत तीच न्यायची. पण रस्त्यावर बर्फ आला की चावी ओरेस्टच्या हातात. ती एकोणीस वर्षांची असताना तिचा भाऊ वॉल्टर नाचाच्या कार्यक्रमाहून घरी येताना गाडीसकट बर्फाळ रस्त्यावरून घसरला आणि कडेच्या खड्ड्यात उलटून मेला. त्याला बाहेर काढणाऱ्यांत शेजारच्या शेतावरचा ओरेस्टही होता. तेव्हा त्यांचं लग्न ठरलेलंही नव्हतं. त्या दिवसानंतर झोनियानं निसरड्या रस्त्यावर चाकाला हात लावला नाही, आणि ओरेस्टनं तिला कधी त्याबद्दल विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये, गव्हाला रंग चढत असताना, ओरेस्ट गेला. गोदामाच्या शिडीपाशी खाली बसला आणि उठलाच नाही.

अंत्यसंस्काराला लोक खूप आले. मग लोक गेले. ऑक्टोबरमध्ये गावातले उरलेसुरले शहाणेही दक्षिणेला निघून गेले. नोव्हेंबरात बर्फ खिडकीच्या चौकटीला लागला. दुपारी चारलाच अंधारून यायचं आणि मग त्या सपाट पांढऱ्या मुलखात एकच दिवा दिसायचा, शेजारी मायरनच्या अंगणातला, तोही लांब. झोनिया रेडिओ लावायची, बंद करायची. एकदा ती दोन दिवस कोणाशीही बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी टपालवाल्याला नमस्कार करताना तिचा स्वतःचाच आवाज तिला खरखरीत वाटला. त्या घरात वसंतापर्यंत एकटं राहायचं तिला नव्हतं. बाकी मोठं काही कारण नव्हतं. ॲरिझोनातल्या त्या ट्रेलरांच्या वस्तीत सकाळी कोणीतरी खिडकीवर टकटक करून म्हणतं, झोनिया, ऊठ गं, कॉफी झाली. तेवढी टकटक तिला हवी होती.

मुलगा टेरी कॅलगरीत. तो पंचवीस डिसेंबरचा नाताळ करून, एक रात्र राहून, परत गेलेला. आता ट्रेलर विकून टाकावा म्हणून त्याला गिऱ्हाईकही त्यानंच शोधलं होतं. सहा तारखेला संध्याकाळी झोनियानं त्या रात्रीच्या रिवाजाचे बाराही पदार्थ केले. बारा म्हणजे बारा, खाणारी एक असली म्हणून काय झालं. तिनं दोन ताटं वाढली, एक स्वतःचं आणि एक गेलेल्यांचं. जेवताना ती त्या दुसऱ्या ताटाकडं पाहत म्हणाली, "तू असतास तर म्हणाला असतास मीठ जास्त झालंय." मग तिनं फोन उचलला आणि टेरीला सांगितलं की परवा सकाळी ती निघणार आहे.

"आई, तुझं वय काय, हवा काय, आणि तू बोलतेयस काय?"

"वय तुला माहितीय. हवा खिडकीतून दिसतेय. आणि मी बोलत नाही, निघतेय."

"त्या माणसाला मी शनिवारी बोलावलंय ट्रेलर न्यायला. तू चल ना माझ्याकडे. तळघरातली खोली रिकामीच आहे."

"तळघरात राहायला मी काय बटाटे आहे?"

टेरी हळूच म्हणाला, "आणि कापेलचं खोरं?"

आमचा मुलूख तव्यासारखा सपाट, पण मधोमध कापेल नदीनं खोल खोरं कापून ठेवलंय. उत्तरेच्या काठावरून एकदम खाली उतरायचं, तळाशी गोठलेली नदी ओलांडायची आणि पुन्हा एकदम वर चढायचं. सपाटीवर कोणीही गाडी हाकतो. ट्रेलर जोडून जानेवारीत तो उतार उतरताना भल्याभल्यांची पाचावर धारण बसते.

"पलीकडं चढून गेलीस की मला फोन कर," टेरी म्हणाला. "नाही जमलं तर तिथूनच परत फीर. मी शनिवारी येतो आणि विषय संपवू."

म्हणजे सौदा ठरला. खोरं पार झालं तर दक्षिण, नाही झालं तर ट्रेलर विकायचा आणि तळघर.

आठ तारखेला सकाळी मायरन आला. हा ओरेस्टचा लहानपणापासूनचा मित्र. लग्न केलं नाही, गाई केल्या, आणि त्या गाईंमुळं त्याला आयुष्यात कुठं जाता आलं नाही. रात्रभर विजेला जोडून गरम ठेवलेलं इंजिन सुरू झालं. ट्रेलरची चाकं जमिनीला चिकटू नयेत म्हणून खाली घातलेल्या फळ्या त्यानं काढल्या, आकडा बसवला, साखळ्या अडकवल्या, दिवे तपासले. ट्रेलर वाऱ्यानं डोलू नये म्हणून जोडाच्या बाजूला एक दांडी असते, ती त्यानं पिळून घट्ट केली. डॅशबोर्डखालची छोटी डबी दाखवली. तिच्यातला खटका सरकवला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात.

"मागून हलायला लागला तर ट्रकच्या ब्रेकवर पाय नाही ठेवायचा," तो म्हणाला. "हा खटका, हळू, लोण्यावर बोट फिरवल्यासारखा."

"माहितीय. बावीस वर्षं बघतेय."

"बघणं वेगळं."

"तुझ्या गाई हंबरतायत, मायरन."

तो गेल्यावर तिनं खाण्याचं सामान भरलं. मायरन असताना भरलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. आमच्या बायका दक्षिणेला कपडे कमी नेतात, खाणं जास्त. पेरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, त्यांच्या गोठवलेल्या पिशव्या, बोर्शच्या म्हणजे बिटाच्या साराच्या बरण्या, लोणच्यातलं बीट, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, सगळं तिथं वाट पाहणाऱ्या मैत्रिणींसाठी. ट्रेलरचा मागचा भाग सगळ्यांत गार, म्हणून झोनियानं तो सगळा डोंगर मागच्या पलंगाखाली रचला. पेरोगी वितळू नयेत, एवढाच विचार.

आकाश स्वच्छ होतं. सूर्याच्या दोन्ही बाजूंना थंडीतले ते खोटे सूर्य उगवले होते आणि पश्चिमेचा वारा रस्त्यावरून बर्फाची भुकटी सरपटत नेत होता. झोनिया सावकाश चालवत होती. पहिला तासभर काही झालं नाही. तिनं सवयीनं एक बी फोडली, सवयीनंच डावीकडं, चालवणारा ओरेस्ट जिथं असायचा त्या बाजूला, हात नेला, आणि मग ती बी स्वतःच खाल्ली.

डुबुक गावाच्या पुढं वाऱ्याचा झोत बाजूनं आला आणि आरशातला ट्रेलर हलला. आधी थोडासा. मग दुसऱ्या बाजूला जास्त. मग त्यानं ट्रकच्या मागच्या चाकांना धरून ओढल्यासारखं केलं. झोनियाचा पाय आपोआप ब्रेककडं निघाला होता. तो तिनं कसा थांबवला तिलाच माहीत. खटक्यावर बोट ठेवलं, हळू दाबलं. ट्रेलर दोनदा आणखी झुलला आणि सरळ झाला. एकटं असलं की निदान मोठ्यानं रडता तरी येतं. ती खोऱ्याच्या काठापर्यंत रडत गेली.

काठावर गाड्या थांबवायला जागा आहे. तिथं थांबून तिनं मायरनला फोन लावला.

"ट्रेलर शेपूट हलवतोय, मायरन."

"मागं काय भरलंयस?"

"काही नाही."

"झोनिया."

"पेरोगी. आणि थोड्या बरण्या."

"थोड्या म्हणजे?"

"पलंगाखालची जागा भरून."

मायरननं सुस्कारा सोडला. "अगं बाई, मागं वजन टाकलं की पुढचा भार उचलला जातो, मग तो ट्रकला खेळवतो. ओरेस्ट तुझे डबे ट्रकच्या हौद्यात ठेवायचा ते उगाच?"

"मला वाटायचं ट्रेलरमध्ये वास नको म्हणून."

"सगळं पुढं आण. आणि ती दांडी सोड."

"सोडू? सकाळी तूच घट्ट केलीस ना?"

"वाऱ्यासाठी घट्ट. निसरड्या उतारावर सोडायचीच. नाहीतर ती जोड ताठ धरते. तू चाक वळवशील आणि गाडी सरळच जाईल. तू काठावर थांबशील तेव्हा तुला आठवेलच म्हणून मी बोललो नाही. ओरेस्ट दरवेळी तिथं थांबून सोडायचा."

"ओरेस्ट तिथं लघवीला थांबायचा," झोनिया म्हणाली.

पलीकडं फक्त एक गाय हंबरली.

"मायरन?"

"तेही करत असेल," मायरन म्हणाला. मग त्याला ते नीट वाटलं नसावं. "कसली लघवी, झोनिया. दांडी सोडायचा, ट्रेलरच्या ब्रेकचा जोर कमी करायचा, उतारावर थोडं चालत जाऊन बुटानं बर्फ चाचपायचा. आणि मला फोन करायचा. काहीबाही बोलायचा, गाईंचं वगैरे. श्वास जागेवर येईपर्यंत. फार घाबरायचा तो उतार उतरायला. वॉल्टरला त्यानंच बाहेर काढला होता ना."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

झोनियाला आधी राग आला. सगळ्या ॲरिझोनात तिनं नवऱ्याच्या मूत्राशयाची टिंगल केली होती. त्याच्या पासष्टीला मैत्रिणींनी मिळून त्याला झाकणाची बाटली भेट दिली होती आणि तो सगळ्यांबरोबर हसला होता. मग राग गेला आणि उरलं ते फार वाईट होतं. बावीस हिवाळे तो तिच्या हातभर अंतरावर बसून एकटा घाबरत होता आणि ती दंतवैद्याच्या गोष्टी सांगत होती. आता त्याला काही बोलायची सोयही नव्हती.

पण पेरोगी हलवायच्याच होत्या. उणे अठ्ठावीस अंशांच्या थंडीत माणूस फार वेळ दुःख करू शकत नाही. तिनं पिशव्या आणि बरण्या ट्रकच्या हौद्यात आणून जुन्या रजयांत गुंडाळून ठेवल्या. दांडीची मूठ गोठून बसली होती; हातोडीचे चार ठोके दिल्यावर फिरली. ब्रेकचा जोर कमी केला. मग ती उतारावर थोडं खाली चालत गेली आणि बुटानं बर्फ घासून पाहिला. त्यातून तिला काय कळलं? रस्ता निसरडा आहे एवढंच. ते तिला आधीच माहीत होतं.

खालच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकपासून लांब ठेवून, ती उतरायला लागली. ट्रेलर पाठीवर हात ठेवून ढकलणाऱ्या माणसासारखा मागून रेटत होता. वळणावर तो बाहेरच्या बाजूला थोडा घसरला. खटका, हळू, लोण्यावर बोट. तो परत मागं आला. तळाशी पूल ओलांडला तेव्हा तिचे दोन्ही खांदे दुखत होते. नदीवर मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या दिसल्या आणि तिला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. उतरताना भीती वाटते म्हणून माणूस हळू जातो आणि चढायला लागणारा वेग त्याच्याजवळ उरत नाही. चढ चारातले तीन हिस्से सरला असताना ट्रकची चाकं गरगरली, गाडी थांबली आणि इंचभर मागं आली. झोनियानं खटका पूर्ण सरकवला, ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले. गाडी धरली गेली. पण आता खटका सोडायचा कसा? सोडला तर मागं, खाली, आडवी, आणि मग खड्डा. तिला वॉल्टरची टोपी आठवली, बर्फावर पडलेली. खोऱ्यात फोन लागत नाही. आपण ओरेस्टपेक्षा शूर आहोत असं तिला वाटलं नव्हतं, पण निदान आपण जाऊ शकू असं वाटलं होतं. तेही खोटं निघालं, असं ती स्वतःला म्हणाली. टेरीचं तळघर डोळ्यांपुढं आलं आणि, खरं सांगायचं तर, त्या क्षणी ते तिला इतकं वाईट वाटलं नाही.

खालून बर्फ काढणारी मोठी गाडी दिवे मिचकावत आली. चालकानं तिची अवस्था ओळखली. रिकाम्या बाजूनं पुढं निघून तो तिच्या वाटेवर वरपर्यंत वाळू टाकत गेला, गाडी वर कडेला लावली आणि चालत खाली आला. पन्नाशीचा माणूस, मिशांवर बर्फ. तिनं काच खाली केली.

"मी लायल," तो म्हणाला. "बाई, घाबरू नका. तुम्ही सरका पलीकडं, मी वर नेऊन देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

झोनियाला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. तिनं शेजारच्या सीटकडं पाहिलं. सरकून तिथं बसायचं, बियांची पिशवी मांडीवर घ्यायची, की संपलं. पण मग अमेरिकेत, पुढच्या प्रत्येक डोंगरापाशी, कोणता लायल येणार होता?

"नको," ती म्हणाली. "तू तिकडून ये आणि बस."

"बसून काय करू?"

"काही नाही. नाहीतरी तुला वर जायचंच आहे ना. नुसता बस."

लायलनं खांदे उडवले, वळसा घालून आला, सीटवरचा तिचा थर्मास आणि बियांची पिशवी उचलून आत बसला. पट्टा लावला. झोनियाचे पाय अजून ब्रेकवरच होते.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. बायको आहे ना? तिच्या माहेरचं बोल."

लायलनं जरा विचार केला. "मेहुणी आलीय राहायला. दोन दिवस म्हणून आली, तीन आठवडे झाले. रोज सकाळी माझ्या कपातून कॉफी पिते. कप माझा आहे, त्यावर माझं नाव आहे. मी बायकोला सांगितलं, तर म्हणते, तिला वाचता येत नाही का, तूच सांग."

"मग सांगितलंस?"

"कसं सांगणार? ती मला घाबरत नाही, मी तिला घाबरतो."

झोनियानं खटका थोडा सोडला. दोन्ही पाय ब्रेकवरून उचलले, एक हलकेच ॲक्सिलरेटरवर दाबला. हौद्यातल्या बरण्या चाकांवर वजन धरून होत्या, खाली वाळू होती. चाकं एकदा फिरली आणि मग त्यांनी पकडलं. लायल मेहुणीच्या कुत्र्याबद्दल सांगत होता. तो कुत्रा फक्त सोफ्यावर झोपतो. गाडी वर चढत होती. झोनियाला कुत्र्यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण आवाज चालू होता, आणि तेवढ्यावर तिचे हात स्थिर होते. काठावर पोचून तिनं गाडी कडेला लावली तेव्हा कुत्रा अजून सोफ्यावरच होता.

"बघा, जमलं की तुम्हाला," लायल म्हणाला. "मी काय केलं? नुसता बसलो."

"मीही बावीस वर्षं हेच म्हणत आले," झोनिया म्हणाली, आणि तिनं हातमोज्यानं डोळे पुसले. लायलला काही कळलं नाही. त्यानं चेहरा दुसरीकडं वळवला, थर्मास जागेवर ठेवला, बियांची पिशवी नीट घडी घालून वर ठेवली. ती म्हणाली, थोड्या घेऊन जा. त्यानं मूठभर घेतल्या आणि तो आपल्या गाडीकडं गेला.

वर फोन लागत होता. टेरीनं पहिल्याच घंटेला उचलला.

"चढले," ती म्हणाली.

"एकटी?"

"नाही. एकटीला नाही जमत ते. तुझ्या बापालाही जमायचं नाही."

"म्हणजे? कोण होतं बरोबर?"

"मी होते," झोनिया म्हणाली. "त्याच्याबरोबर मी होते. त्या शनिवारच्या माणसाला सांग, ट्रेलर विकायचा नाही."

टेरी आणखी काही विचारत होता. ती म्हणाली, पुढं रस्ता मोकळा आहे तोवर निघते. उतरून तिनं वाऱ्यासाठी दांडी पुन्हा घट्ट केली, आत आली, आणि गिअर टाकायच्या आधी शेजारच्या सीटवर हात ठेवून पाहिला. ती अजून कोमट होती. व्हाइटवुड गाव येईपर्यंत ती गार झाली, आणि तिथून पुढं ॲरिझोना फार लांब होतं.